दहा लाख नऊ हजार एक्क्याण्णव

२१ जानेवारी

मामा,

नमस्कार. माझं अक्षर पाकिटावर बघून तुम्ही म्हणाला असाल, भिंगरीला काहीतरी हवंय. हवंय, पण वस्तू नाही. थोडी अक्कल हवीय, आणि ती तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे असं मामीच म्हणते.

दोरखंडाच्या या कारखान्यात तुम्ही ओळखीनं चिकटवून दिलंत त्याला चार महिने झाले. अजून पळालो नाही, हे आधी मामीला वाचून दाखवा. यंत्र मोठं आहे, आमच्या खोलीएवढं. सुताचे जाड पेड एका बाजूनं आत जातात, दुसऱ्या बाजूनं मनगटाएवढा दोर बाहेर येतो. आत मधोमध एक छोटं चाक, त्याच्याभोवती तीन मोठी चाकं: एक पीळ देतं, एक ओढतं, एक गुंडाळतं. छोट्या चाकाचा एक दात सरकला की काउंटरवर आकडा एकानं वाढतो. सेकंदाला साधारण तीन दात. दिवसभर टक टक टक. झोपेतही माझे दात तसेच वाजतात.

यंत्रावर आम्ही दोघं, एक आठवडा तो, एक आठवडा मी. ज्याचा आठवडा नसेल त्यानं हातगाडीवरून पेडांची रिळं आणायची. हा दुसरा म्हणजे गप्प्या. खोलीतही माझ्या शेजारच्या खाटेवर तोच. दिवसाला सात-आठ शब्द बोलतो, त्यातले दोन "दिवा घालव". उशीखाली एक वही ठेवतो. मी आत आलो की मिटतो.

आता मुद्दा. मोटर आणि यंत्राच्या मध्ये मऊ लोखंडाची एक पिन असते. आत काही अडलं की ती तुटते आणि यंत्र वाचतं, जन्मभर लोखंडात काम केलेल्या तुम्हाला मी काय सांगू. सहा तारखेला सोमवारी दुपारी ती तुटली. गप्प्याच्या आठवड्याचा पहिला दिवस. काल वीस तारखेला, परत सोमवार, परत गप्प्याच्या आठवड्याचा पहिला दिवस, परत पिन. आत काही अडकलेलं नव्हतं. पिन बदलली की यंत्र गुमान चालू.

माझ्या आठवड्यात काही होत नाही. त्याचा आठवडा उजाडला की होतं. याला यंत्रावर उभं राहायचं नाही, एवढंच मला दिसतंय. पिन आधीच अर्धी कापून ठेवली तर ती कापलेली आहे हे ओळखायचं कसं, ते सांगा. मी अजून कुणाला बोललेलो नाही.

भिंगरी

२७ जानेवारी

भिंगरीस,

पत्र मामीला वाचून दाखवलं. पळाला नाहीस यावर तिचा विश्वास बसलेला नाही. पोस्टाचा शिक्का दोनदा बघितला.

करवतीनं कापलेली पिन अर्ध्यापर्यंत गुळगुळीत असते आणि चमकते. जोर येऊन तुटलेली पूर्ण खरखरीत असते, मिठाचा खडा फोडल्यासारखी. दोन्ही तुकडे उजेडात धर आणि बघ. अंदाज नको.

मागच्या दोन्ही वेळेचे काउंटरचे आकडे मिळव. मुकादमाकडे नोंद असेलच. शेवटच्या अंकापर्यंत लिही. "सुमारे" हा शब्द लिहिलास तर उत्तर पाठवणार नाही.

तीन मोठ्या चाकांचे दात मोज. एका दातावर खडूची खूण कर आणि तिथपर्यंत परत ये, नाहीतर तू पन्नासनंतर गाणं म्हणायला लागतोस.

आणि एक. वही उशीखाली ठेवणारा माणूस चोर असतोच असं नाही. माझीही एक आहे.

मामा

४ फेब्रुवारी

मामा,

काल तिसऱ्यांदा. सोमवार, सकाळी पावणेनऊ, गप्प्या यंत्रावर उभा राहून तास झाला नव्हता.

तुमच्या सांगण्याप्रमाणे पिनेचे तुकडे खिडकीत धरले. खरखरीत आहेत, कबूल. पण मामा, पिन न कापताही तोडता येत असेल. आत पाचर घालायची, तुटली की काढून घ्यायची. चाकांवर झाकण आहे, त्याची किल्ली मुकादमाच्या कमरेला. दात मोजू द्या म्हटलं तर म्हणाला, "तू दोर मोज, दात तुझे मी मोजीन." तेव्हा ते राहिलं. तसंही दात मोजून चोर कसा सापडतो ते मला कळलेलं नाही.

आकडे मात्र घ्या, शेवटच्या अंकापर्यंत:

पहिल्यांदा ४२,१८,३०६
दुसऱ्यांदा ५२,२७,३९७
तिसऱ्यांदा ६२,३६,४८८

आता खुर्ची घट्ट धरा. दुसऱ्यातून पहिला वजा केला, १०,०९,०९१ आले. तिसऱ्यातून दुसरा वजा केला, परत १०,०९,०९१. मी तीनदा केली वजाबाकी, एकदा बोटांवर. दहा लाखांत एका दाताचाही फरक नाही. मामा, लोखंडाला एवढं कुठून कळणार? लोखंड आज मोडेल, उद्या मोडेल. एवढं नेमकं फक्त माणूस करतो, आणि तोही मोजत बसलेला माणूस.

आणि मोजत कोण बसलंय ते मला माहीत आहे. रविवारी तो अंघोळीला गेला तेव्हा मी वही उघडली. पानंच्या पानं आकडे, सगळे सात-सात अंकी, काउंटरचे. शब्द कुठे कुठे, पण अक्षर असं की मुंगी शाईत पडून चाललीय.

म्हणून काल मी मुकादमाला वहीचं सांगितलं. तो म्हणाला, "अजून एकदा होऊ दे. मग त्याला परतीच्या गाडीत मी स्वतः बसवतो. आणि पुढे कुठे काम मिळणार नाही असं बघतो."

बरं केलं ना? मला बरं वाटायला हवं होतं. काल गप्प्यानं माझ्याही ताटलीवर झाकण ठेवलं होतं, माशा बसू नयेत म्हणून.

भिंगरी

१० फेब्रुवारी

भिंगरीस,

बरं केलं नाहीस. पण केलंस, तर आता ऐक.

तू उलटं समजलास. माणूस नेमका नसतो. कुठल्याही माणसाला यंत्रापुढे बसवून सांग, दहा लाख नऊ हजार एक्क्याण्णवाव्या दाताला पाचर घाल. सेकंदाला तीन दात. डोळ्याची पापणी लवली की आकडा गेला. त्याला कामाचे बारा दिवस न चुकता बसावं लागेल आणि शेवटी हात विजेसारखा चालवावा लागेल. तोही तीनदा. असला माणूस दोरखंडाच्या कारखान्यात कशाला राहील? एवढं नेमकं फक्त लोखंड असतं. ते विसरत नाही, कंटाळत नाही, त्याला कुणाचा राग येत नाही.

तुझ्या या आकड्याकडे मी एक सबंध दुपार बघत बसलो होतो. आता तू बस. त्याला भाग दे. माझ्या दुकानात हट्टी आकडे कशाला म्हणायचो आठवतं ना? जे कुणालाच समान वाटे पाडू देत नाहीत, फक्त एकाला आणि स्वतःला. २, ३, ५, ७, ११, १३, असे. फक्त त्यांनीच भाग द्यायचा. दोननं गेला नाही तर चारनं कसा जाईल, उगाच कागद खराब करू नकोस. तीनसाठी अंकांची बेरीज कर: वीस येते, म्हणजे तीननंही जात नाही. पुढचं तुझं तू. जो हट्टी आकडा बाकी ठेवणार नाही तो मला कळव. मी सांगणार नाही. मी सांगितलेलं तू कधी ऐकलं आहेस?

तोपर्यंत मुकादमाशी एक शब्द बोलायचा नाही. पिन आता ७२,४५,५७९ ला तुटेल. त्या दिवशी आठवडा कुणाचा आहे ते बघ. रविवार सोडून, आठ तासांच्या दिवसाला शहाऐंशी हजार दात धर, मग कळेल तुला की हे बारा दिवसांना थोडं कमी पडतं, आणि म्हणून दर खेपेला थोडं अलीकडे सरकतं.

मामा

१६ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचलं, रागानं खिशात कोंबलं. मी चोर विचारतो आणि तुम्ही मला भागाकार सांगता. शाळा मी कशासाठी सोडली होती?

काल शनिवार, आठवडा माझा. सव्वातीनला यंत्रानं एक हिसका दिला आणि खाड. पिन. काउंटरवर ७२,४५,५७९. खिशातलं पत्र काढून बघितलं, मग काउंटर बघितला, मग परत पत्र.

मी ओरडून मुकादमाला सांगणार होतो की माझ्या हातात तुटली, माझ्या. पण तो आला तोच विचारत आला, "गप्प्या होता का इथे?" होता. दहा मिनिटांपूर्वी रिळं टाकून गेला होता. मी हो म्हटलं. खरं होतं म्हणून हो म्हटलं. मुकादम म्हणाला, "बस झालं. आता तर तुझ्या आठवड्यात करून तुझ्यावर ढकलतोय." एक तारखेला संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत पाठवणार. तोपर्यंत झाडू. गप्प्यानं माझ्याकडे बघितलं आणि झाडू घेतला.

आज रविवार. गप्प्या बाहेर गेला तेव्हा मी रिळाच्या पुठ्ठ्यावर भागाकार मांडला. सातला सहा उरले. तेराला पाच. पुढे पुढे हात दुखायला लागला, पण मधे सोडवेना, तुम्ही हसाल म्हणून. एकोणनव्वदला नऊ उरले. मग सत्त्याण्णव. पंचविसावा हट्टी आकडा होता. काहीच उरलं नाही. मी पुठ्ठा उलटा करून परत केला. काहीच उरलं नाही. वर १०,४०३ राहिले. त्याला एकशे एकनं भाग दिला, एकशे तीन आले.

सत्त्याण्णव, एकशे एक, एकशे तीन.

मामा, हे तीन आकडे मी विसरेन का? पाच वर्षांपूर्वी तुमच्या दुकानातलं माझं शेवटचं काम. तुमच्या दात पाडायच्या यंत्रावर असले हट्टी आकडे बसत नव्हते, म्हणून तुम्ही कागदाची पट्टी आखायला लावली होतीत. पट्टीवर सत्त्याण्णव समान घरं, ती लाकडी ढोलाला खळ लावून चिकटवायची, सुई एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर आणायची आणि एक एक दात पाडायचा. तिन्ही पट्ट्या मी चिकटवल्या. खळ पुरती वाळू दे, दात उद्या पाड, असं तुम्ही म्हणाला होतात. मी त्याच दुपारी पाडले. वाळताना कागद आकसला असेल, टोकं एकमेकांपासून सरकली असतील. शेवटचं घर केसभर मोठं, म्हणजे शेवटचा दात केसभर जाड. प्रत्येक चाकाला एक.

एकटा जाड दात यंत्र गिळतं. दोन एकदम आले की उचकी देतं, तासातून दोन-तीनदा देतंच, आम्ही म्हणायचो कुणीतरी आठवण काढतंय. आणि तिन्ही एकदम आले की पिन जाते. सत्त्याण्णव गुणिले एकशे एक गुणिले एकशे तीन. तोपर्यंत एकदाही तिघं जमत नाहीत.

चाकं तुमच्या दुकानातून इथे आली होती, म्हणूनच तुमची इथे ओळख. तुम्ही पहिल्याच पत्रात दात मोजायला सांगितलेत. म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग गप्प का बसलात? एका माणसाची भाकरी जातेय आणि तुम्ही मला पाढे शिकवताय?

आणि आता मी काय करू ते सांगा. गप्प राहिलो तर गप्प्या जाईल आणि पिनेचं कोडं कुणालाच सुटणार नाही. बोललो तर माझं नाव, तुमचं नाव.

भिंगरी

२१ फेब्रुवारी

भिंगरीस,

हो, पहिल्याच पत्रात शंका आली. आकडा आला तेव्हा खात्री झाली.

गप्प का बसलो, तेही लिहितो, एकदाच. चाकं पेटीत भरताना मी त्यांच्या दातांवरून बोट फिरवलं होतं. तिन्ही जाड दात बोटाला लागले. माल पाठवायला आधीच उशीर झाला होता. थोडं घासलं, पेटीला खिळे ठोकले. सकाळी बघतो तर तू गायब. मी समजलो, पोराला चूक कळली आणि तोंड लपवून पळाला. पाच वर्षं तसंच समजत होतो. तुझ्या परवाच्या पत्रावरून दिसतंय की तुला काही माहीतच नव्हतं, नुसता पाय वळवळला म्हणून गेलास. तेव्हा तुझ्याबद्दल माझा संशय खोटा. मी मात्र चूक कळूनही ती पेटीत भरली, आणि तू कबूल करतोस का हे बघायला तुला भागाकारात बसवलं. माझं चुकलं. मामी म्हणते, एवढं लिहायला पाच वर्षं लागली.

इतकी वर्षं तुटली कशी नाही, असं मुकादम विचारेल. मोटरीचा जुना पट्टा सैल असणार, हिसका गिळत असणार. डिसेंबरात नवीन घट्ट पट्टा बसवला का, विचार.

आता काम. पुढचा आकडा ८२,५४,६७०. माझ्या हिशेबानं एक तारीख, शनिवार, दुपारच्या सुट्टीआधी. तो आकडा मुकादमाला आधी कागदावर लिहून दे, सही घे. त्या वेळी गप्प्याला मुकादमाशेजारी दारात उभा कर, तूही यंत्रापासून दहा पावलं लांब. कुणाचा हात नको. मग झाकण उघडा. पत्र्याच्या तुकड्याला बरोबर दाताच्या मापाची खाच पाड आणि एकेका दातावर बसवून बघ. सगळ्यांवर बसेल. ज्याच्यावर बसणार नाही तो तुझा. बारीक कानसेनं घास, घाई नको. या खेपेला तरी.

नाव माझं सांग. दुकान माझं होतं.

मामा

१६ मार्च

मामा,

उत्तराला उशीर झाला कारण शेवटपर्यंत बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

पट्टा डिसेंबरातच बदलला होता. मुकादमाला आकडा लिहून दिला तेव्हा तो म्हणाला, "ज्योतिष कधीपासून सुरू केलंस?" सही मात्र केली, मला खोटं पाडायच्या हौसेनं. शनिवारी अकरा वाजता गप्प्याला बोलावून आणलं. खोलीत त्याची पेटी बांधून तयार होती, चादर खाटेवरून काढलेली. त्याला मुकादमाशेजारी दारात उभा केला. मी तिसऱ्या खांबापाशी, हात मागे बांधून. यंत्राजवळ चिटपाखरू नाही.

पावणेबाराला आकडा ब्याऐंशी लाख पन्नास हजारांच्या पुढे गेला. मुकादम मोठ्यानं वाचत होता, शेवटचे शंभर तर लग्न लावल्यासारखे. सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, आणि खाड. दोर लोंबला. ८२,५४,६७०. मुकादमानं खिशातला कागद काढला, वाचला, परत घडी केला. म्हणाला, "कुणाचं काम हे?"

तुम्ही म्हणाला होतात तुमचं नाव सांग. मी माझं सांगितलं. खळ वाळायच्या आत पाडलेल्या दातांचं सगळं सांगितलं, आणि गप्प्याच्या देखत हेही सांगितलं की वहीची चुगली मीच केली होती. मुकादमानं मला काय काय म्हटलं ते मामीसमोर वाचण्यासारखं नाही. पण गाडी रद्द. आम्हा दोघांची.

रविवारी झाकण उघडलं. पत्र्याची खाच घेऊन बसलो. सत्त्याण्णवच्या चाकावर त्रेचाळिसाव्या दाताला ती अडली. बोट लावलं, मामा. पाच वर्षांनी, एवढ्या लांब, तेलात माखलेला माझा दात. हळू घासला, मग बाकीच्या दोन चाकांवरचाही एकेक. गप्प्यानं दिवा धरला होता.

संध्याकाळी त्यानं वही माझ्या खाटेवर टाकली. "वाच," म्हणाला. ते आकडे उचक्यांचे होते. यंत्रानं केव्हा केव्हा हिसका दिला त्याची नोंद, डिसेंबरापासून. तो तीन-तीन उचक्या जोडून बघत होता, त्याला थोडं कळतही आलं होतं. आणि मुंगीच्या अक्षरातले शब्द मी पहिल्यांदा नीट लावले: "शनिवारी यंत्र भिंगरीकडे. सोमवारी माझ्याकडे आलं की तुटतं. जाताना काही करून जातो." पुढच्या पानावर: "झाकणाशी वाकला होता. किल्ली मागत होता." मी दात मोजायला किल्ली मागितली होती तो दिवस.

काल, शनिवारी, पुढचा आकडा होता, ९२,६३,७६१. सकाळी नऊच्या सुमारास. कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो हातगाडी सोडून आला. आम्ही काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहिलो. साठ झाला, एकसष्ट झाला, बासष्ट झाला. यंत्राला उचकीसुद्धा आली नाही. दोर सरळ चालत राहिला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की आकडा जाताना आम्ही दोघंही काउंटरकडे बघत नव्हतो. तो माझ्या हातांकडे बघत होता आणि मी त्याच्या.

चाकाचा दात घासून झाला, मामा. आमच्या या बघण्याला कुठली कानस लागते ते कळवा. घाई नाही, या खेपेला थांबतो.

भिंगरी